दाराबाहेरचा चेहरा

प्रिय काका,

फोन केला तर मी बडबड करून मुद्दाच गिळून टाकीन. तू मला रेडिओ म्हणतोस ते काही उगाच नाही. म्हणून लिहितेय. शुद्धलेखनाला हसू नकोस, मराठी मी घरातच शिकलेय.

आधी बातमी. आपल्या गुरुवारच्या ग्रुपला वर्षभराचं फंडिंग मिळालं! लाँड्रीवरच्या त्या खोलीच्या भाड्याची चिंता मिटली, काउन्सेलरताईंनाही आता फुकट राबवायला नको.

खरं तर मी उड्या मारायला हव्यात. पण तो दिवस आठवला की कान गरम होतात. आपल्यासारख्या देश सोडून इथे आलेल्या लोकांनी मन मोकळं करावं म्हणून ग्रुप काढला, आणि यायचे चारच जण. बाकीच्यांना भीती, तिथे गेलो तर लोक वेडा म्हणतील. पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं बघायला येणार म्हटल्यावर मी आपलं खानदानच खुर्च्यांवर आणून बसवलं. मामी लग्नाला निघाल्यासारखी नटून आली आणि मलाच विचारते, "दुःख कुठलं सांगू गं, गुडघ्याचं चालेल?" तुला म्हटलं, काका, तू नुसता उदास दिस. तर तू म्हणालास, "अगं, मी तिकडे शाळेत पीटी शिकवायचो, नाटक नाही."

मग तुझी पाळी आली. खालच्या मशीन्सनी जमीन थरथरत होती. तू सांगितलंस, कोल्ड स्टोरेजमध्ये दिवसभर खोकी उचलून आलं की तू दाराबाहेर उभा राहतोस, चेहरा नीट करतोस, मगच किल्ली लावतोस. कधी कधी चेहरा जमतच नाही, मग परत खाली जाऊन एक चक्कर मारतोस. आणि मी काय केलं? लांबून तुला अंगठा दाखवला! काय अॅक्टिंग, म्हटलं! शिवाय रात्री घरी जेवताना सगळ्यांसमोर तुझी नक्कल केली, हातात किल्ली धरून. काकूला तर हसून हसून ठसका लागला. तूही हसलास. पुढच्या गुरुवारीही ये म्हटलं तर आला नाहीस, काम आहे म्हणालास, आणि मला ते पटलंसुद्धा. तू म्हणजे घरातला जोकर, तुला काय होणार!

काका, फंडिंगची बातमी सांगायला मी सोमवारी तुमच्याकडे धावत आले होते. जिन्याच्या वळणावर थांबले. वर तू होतास. किल्ली हातात, कपाळ दाराला टेकलेलं. आतून काकूच्या टीव्हीचा आवाज येत होता. मग तू खाली यायला वळलास आणि मी पळाले. जगाला बोलतं करायला निघालेय, आणि माझ्या काकाला साधी हाकसुद्धा मारली नाही. जिन्यात धावणारी पावलं ऐकलीस ना? ती माझी होती. संस्थेला मी खरं काय ते कळवलंय. फंडिंग गेलं तर आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसू. काकूला काही बोललेले नाही, ते तुझं तू ठरव. पण गुरुवारी ये. कोणी बघायला येणार नाही. चेहरा नीट न करताच ये.

तुझाच,
आवाज बंद करून ऐकायला बसलेला
रेडिओ