लहरींचा परिणाम आणि दीड तिकीट

देवळी,
शनिवार

आदरणीय रूपरावजी यांस, भैयाजीचा सादर नमस्कार.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी तुमचं वाचन बंद केलं आहे, हे माहीत असूनही पत्र लिहितो आहे. कोणीतरी वाचून दाखवेलच. डोळा चोळू नका. वडाभाताचा आग्रह झाला तरी बेतानंच घ्या.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. मी मोबाइल वापरणं सोडलं आहे. कारण मागच्या रविवारी जे घडलं (म्हणजे तुमची बहीण हिंगणघाटच्या स्टँडवर राहून गेली आणि मी घरी पोचलो), ते सर्वस्वी मोबाइलच्या लहरी मेंदूत गेल्यामुळं घडलं, असं माझ्या अभ्यासात आढळलं आहे. तिथून ती थेट समुद्रपूरला तुमच्याकडे आली, तेव्हा तिची बाजू तुम्ही ऐकलीच असेल. ही शास्त्राची बाजू.

पुतण्याच्या मुलीचं बारसं आटोपून आम्ही परतत होतो. वर्ध्याची बस लागताच मी खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या (वय बासष्ट, कौतुक कोणी केलं नाही). ऊन फार होतं, म्हणून तुमच्या बहिणीला नळावर बाटली भरायला मीच पाठवलं. यानंतर मेंदूवर परिणाम सुरू झाला. बस निघाली. शेजारच्या जागेवर तिची पिशवी होती, त्यामुळं शेजारी कोणीतरी आहे असं वाटत राहिलं. कंडक्टरकडे मी एक फुल, एक हाफ मागितलं (बायांना अर्धं तिकीट आहे हे विसरलो नाही, म्हणजे मेंदूचा एक ठरावीक भागच बाधित होता). त्यानं विचारलं, "काका, बाई कोठी हाय?" मी म्हटलं, "येऊन राह्यली." बस तेव्हा हायवेला लागली होती. पुढं एक लेकुरवाळी बाई चढली, तिलाही मी तिथं बसू दिलं नाही. वर्ध्यापर्यंत ती उभी राहून माझ्याकडं बघत होती. वर्ध्याला देवळीची बस धरली, त्यातही दोन जागा. घरापुढं आल्यावर कुलूप दिसलं, किल्लीसाठी हात मागं केला, तेव्हा प्रकार उघडकीस आला.

मग शेजारच्या तानबाच्या मोबाइलवर मी सलग तीन तास या विषयाचे व्हिडिओ पाहिले (डोकं दुखलं, हाही पुरावाच). विसराळूपणा, चिडचिड, बायकोचं बोलणं ऐकू न येणं, सगळी लक्षणं जुळतात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मात्र पटलं नाही. मोबाइलनं असं होतं याचा पुरावा नाही म्हणाल्या, आणि कधीपासून विसरता, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं, लग्नापासून. मोबाइल त्यानंतर पंचवीस वर्षांनी आला. पण बाईंच्या टेबलावर दोन मोबाइल होते, त्यामुळं त्यांच्या मताला मी फार वजन देत नाही.

तरी मोठे भाऊ म्हणून तुम्ही हे तिला समजावून सांगावं. तिचा मुक्काम किती दिवस आहे, तेही सहज कळवावं. मला घाई नाही. इकडे सर्व कुशल. जेवणखाण, झोप वेळेवर होते.

आपला,
भैयाजी

ता.क. १ : जेवण तानबाकडे होतं आणि झोप त्याच्या ओसरीवर. धुरपतावहिनी वाढताना रोज विचारतात, "बाई कवा येते?" मी मान खाली घालून जेवतो.

ता.क. २ (लीला, हे मोठ्यानं वाचू नको) : रूपरावजींना वाचता येत नाही म्हणूनच त्यांच्या नावानं लिहिलं. तुझ्या नावाचं पाकीट तू फोडलं नसतंस. मोबाइल त्या दिवशी मी घरीच विसरलो होतो. आजही तो कुलपाच्या आतच आहे. रविवारी संध्याकाळी तो आत सात वेळा वाजला. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकत होतो. तूच असशील. मी मुद्दाम उचलला नाही असं तुला वाटलं असेल, त्याचं मला फार वाईट वाटतं. तानबाच्या फोनवरून लावला असता, पण तुझा नंबर मला पाठ नाही. रूपरावजींसमोर यायला तोंड नाही. चूक माझी आहे, लहरींची नाही. तानबा रोज हातोडा घेऊन येतो, मी कुलूप फोडू देत नाही. तुझ्याशिवाय मला त्या घरात जायचं नाही. किल्ली घेऊन येजो.