सहा गाण्यांची सीडी

अण्णा, गेला महिनाभर मी तुमचा आवाज ऐकायचा प्रयत्न करतेय आणि ते मला जमलेलं नाही. आईची नजर आता जवळजवळ गेली आहे. काचबिंदू होता, उशिरा कळला. दिवसभर ती खिडकीपाशी बसते, रस्त्यावरच्या आवाजांवरून कोण गेलं ते सांगते. एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते तेव्हा म्हणाली, "कपाटात साड्यांच्या खाली त्यांची सीडी आहे. ती लाव ना गं एकदा." तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, पण एवढ्या वर्षांत ती सीडी कुणी बाहेर काढली नव्हती. तुम्ही होतात तेव्हा शेजाऱ्यांच्या प्लेअरवर एकदा लावून पाहिली होती. लागली नाही. ऑपरेशननंतर तुम्ही पाटीवर लिहूनच बोलायचात, तेव्हा पाटीवर लिहिलंत, 'त्यांचा प्लेअर जुना आहे.' आम्ही तेच खरं धरलं.

माझ्या लहान लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही, म्हणून मी बाहेरून वायरने जोडायचा ड्राइव्ह आणला. आई खुर्ची ओढून शेजारी बसली, पदर सारखा केला, जणू कुणी घरी येणार होतं. मी सीडी आत ढकलली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. पडद्यावर काहीच येईना. "लागली का गं?" आईने विचारलं. मी म्हटलं, "लागेल."

आणि मग मी तुम्ही शिकवलं होतंत तसंच करायला बसले. मी आठवीत असताना टेपरेकॉर्डरने कॅसेट गुंडाळली म्हणून मी त्याला चापट मारली होती. तुम्ही नुकतेच अंबडच्या कंपनीतून पहिली पाळी करून आला होतात, हाताला ग्रीसचा वास होता. तुम्ही ओरडला नाहीत. माझा हात धरून बाजूला केलात आणि म्हणालात, "मशीनला मारायचं नसतं. आधी काय चालतंय ते बघ, मग काय चालत नाही ते." कंपनीतली बंद पडलेली मशीनं तुम्ही याच एका वाक्यावर चालू करत असणार. म्हणून मी आधी काय चालतंय ते पाहिलं. मी शिकवते त्या शाळेतून आणलेली धड्यांची सीडी लगेच उघडली. विकतची गाण्यांची सीडी उघडेना. वायरीला दोन पिना होत्या, त्यातली एकच मी लावली होती. दुसरी लावल्यावर ड्राइव्हला पुरेशी वीज मिळाली आणि ती गाणी वाजायला लागली. मला वाटलं, सापडलं. आई हसलीसुद्धा. पण तुमची सीडी घातली की तीच घरघर. मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली, दुसऱ्या शिक्षिकेच्या लॅपटॉपला ड्राइव्ह जोडून पाहिला. काय चालतंय ते सगळं मला कळलं होतं अण्णा, आणि जे चालत नव्हतं ते काही केल्या चालेना.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे गेले. वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी सीडी उजेडात तिरकी धरून पाहिली, आपल्या मशीनमध्ये घातली, बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "ड्राइव्ह चांगला आहे, मॅडम," ते म्हणाले. "ही सीडी बंदच केलेली नाही."

"बंद म्हणजे?"

"गाणी भरून झाली की शेवटी सीडी फायनल करावी लागते. तेव्हा कुठलं गाणं कुठे आहे त्याची यादी सुरुवातीला लिहिली जाते. हिच्यात गाणी असणार, पण यादी नाही. ड्राइव्ह यादी शोधतो, ती सापडत नाही, सोडून देतो."

मी दुकानात उभी होते आणि मला द्वारका चौकाजवळचा तो अरुंद जिना दिसत होता. ऑपरेशनच्या चार दिवस आधी बुद्धविहारातल्या गायनपार्टीचे ढोलकीवाले काका तुम्हाला तिथे घेऊन गेले, तुमची पेटी सांभाळत मी मागून चढते आहे. भिंतींना गाद्या लावलेली खोली. तुम्ही घशाला मफलर गुंडाळून बसला आहात, दोन गाण्यांच्या मध्ये कोमट पाणी पिता. आवाज चिरकतो तिथे थांबता, पुन्हा घेता. जयंतीला माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज. सहा गाणी होतात. स्टुडिओवाला विचारतो, "फायनल करून टाकू का?" आणि तुम्ही म्हणता, "आत्ता नको. एक राहिलंय, आज घसा साथ देत नाही. ऑपरेशन झालं की येतो." तो सीडी तुमच्या हातात देतो. "ठीक आहे, येताना घेऊन या."

डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं की आवाज थोडा बदलेल. मला आणि आईला त्यांनी बाहेर बोलावून सांगितलं होतं की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. कागदावर सही मी केली होती. आईने हात जोडून सांगितलं होतं, "त्यांना कळू देऊ नका, ते टेबलावर झोपणार नाहीत." फायनल म्हणजे काय ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं, पण ऑपरेशननंतर तुम्ही त्या जिन्याने गायला येणार नाही हे माहीत होतं. मी नुसतं एवढं म्हणायला हवं होतं की अण्णा, असू दे, सहाच करून घेऊ. मी पेटी उचलली आणि खाली उतरले. शुद्धीवर आल्यावर तुम्ही पाटी मागितलीत आणि लिहिलंत, 'किती दिवस असं?' मी लिहिलं, 'थोडे दिवस.' तुम्हाला ऐकू येत होतं, तरी मीही पाटीवरच लिहिलं.

दुरुस्तीवाले म्हणाले, ज्या मशीनवर भरली ते मिळालं तर लगेच होईल. मी द्वारका चौकात गेले. जिना होता, वर मोबाइलची कव्हरं विकत होते. स्टुडिओवाला गाव सोडून गेला, मशीन भंगारात गेलं, असं खालच्या चहावाल्याने सांगितलं. मी परत दुकानात आले. "आमच्या मशीनवर बंद करून बघता येईल," ते म्हणाले, "पण सीडी जुनी झालीय. होईल नाहीतर कायमची जाईल. तुम्ही सांगाल तसं." मी आईला विचारलं नाही. मी म्हटलं, करा. ते काम सुरू झालं, पडद्यावरची पट्टी निम्म्यापर्यंत सरकली आणि थांबली. त्यांनी सीडी काढून पुन्हा घातली, मग दुसऱ्या मशीनमध्ये घातली. आता आत सीडी आहे हेसुद्धा त्यांची मशीनं ओळखेनात. त्यांनी माझ्याकडून काही घेतलं नाही. म्हणाले, "माफ करा." त्यांची काही चूक नव्हती.

घरी येऊन मी आईला सांगितलं की सीडी पुण्याला पाठवलीय, तिथे मोठं मशीन आहे. ती रोज संध्याकाळी विचारायची, "पुण्याहून काही कळलं?" मी म्हणायचे, अजून नाही. एकदा ती म्हणाली, "मला शब्द सगळे पाठ आहेत गं. आवाज तेवढा निसटतो." मी गॅसपाशी पाठमोरी उभी राहिले.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, वहीतच राहील. गेले आठ दिवस आईने पुण्याचं विचारलेलं नाही. तिला कळलं असावं. मी तिला खरं सांगायला हवं, रोज ठरवते. पण अण्णा, ती विचारत नाही याचं मला बरं वाटतं.