शरणम्माला माती देण्यासाठी वाचनालयाची प्रत मिळणेबाबत

प्रति,
मा. ग्रंथपाल साहेब,
श्री वीरेश्वर सार्वजनिक वाचनालय,
घाटनांदूर, जि. बीड.

विषय : इंग्रजी कादंबरीची जुनी प्रत कायमची मिळणेबाबत.
संदर्भ : मागील सोमवारी आपल्या टेबलाशी झालेले बोलणे.

महोदय,

१. माझी नात अपेक्षा कॉलेजात इंग्रजी शिकते. आपल्या लोकांनी इंग्रजीत लिहिलेल्या कादंबऱ्यांतल्या बायांवर तिला निबंध लिहायचा होता, म्हणून सदर पुस्तक नेले. दुकान बंद केल्यावर ती मला ते मराठीत सांगे. त्यातली शरणम्मा आपल्याच लिंगायत घरातली. कपाळी विभूती, भाकरी थापताना शिवकीर्तनाचा ठेका धरणारी. लग्न होऊन ती परदेशी जाते व तिथेच मरते. शेवटी लेखकाने तिचे दहन केले आहे. आमच्यात बसवून माती देतात, हे त्यांस ठाऊक नसावे.

२. ते पान दुरुस्त होईल काय, असे मी विचारले. "काका, छापून गेलंय ते. लईच वाटत असंल तर पुस्तकालाच माती द्या," असे आपण हसून म्हणालात. राग नाही. घरी जाऊन विचार करता आपले म्हणणे पटले.

३. अपेक्षा म्हणते, "आबा, ती खरी न्हाई." पण मी कीर्तनात वाढलेला माणूस. आख्यानात पाळणा लागला की आमच्या आळीतल्या बाया कुंची-अंगडं घेऊन येतात. बाळ गोष्टीतलं हाय म्हणून कोणी मोकळ्या हातानं येत नाही.

४. आता खरे कारण लिहितो. अपेक्षाची आई, माझी लेक महानंदा, साथीच्या वर्षी पुण्याला दवाखान्यात वारली. तिचेही दहनच झाले. तिथल्या लोकांचा दोष नाही, ते तरी किती जणांना पुरतील. आम्हाला जाता आले नाही. कादंबरीतल्या त्या पानावर अपेक्षा थांबली. "आपल्या बायांला सगळीकडं जाळतेत कावून, आबा?" एवढेच बोलली. निबंध तसाच पडून आहे.

५. त्याच पुस्तकाची नवी प्रत सोबत देत आहे. मग तीच पुरा, असे आपण म्हणाल. पण आम्ही जिच्याजवळ महिनाभर बसलो, ती बाई जुन्या प्रतीतली. नवी आमच्या ओळखीची नाही.

६. माती देताना माणसाच्या तळहातावर त्याचे गळ्यातले इष्टलिंग ठेवतात. महानंदाचे लिंग दवाखान्यातून पिशवीत घालून परत आले. ते ठेवायला हात राहिला नाही. शरणम्माच्या पानांत ठेवू. परवानगी मिळाल्यास येत्या सोमवारी महाराज कीर्तनाला उभे राहतील.

आपणही यावे. महानंदाच्या वेळी माती लोटायला कोणीच नव्हते.

उत्तराची वाट पाहणारा आपला नम्र,
शिवलिंग सिद्धाराम कोरे
किराणा दुकानदार, घाटनांदूर
दि. १२ ऑगस्ट

सोबत : सदर कादंबरीची नवी प्रत.