पाणघोड्याला चार वाजता जेवण

२ मार्च २००४, मंगळ.
आज बायकांचा वार, म्हणून प्राणीबागेत. त्या दिवशी पुरुषाला आत घेत नाहीत, आणि एरवी या अरबांच्या देशात पुरुषाशिवाय मी जिना उतरून जाणार कुठे? मुलगा संजू गाडीत बसून राहिला, मी नि नात मनू आत. चारला पाणघोड्याचं जेवण. राखणदार तेवढा पुरुष, बांगलादेशी, आधी अरबीत भाषण, मग आम्हाला बघून हिंदीत. अख्खं कलिंगड तोंडात, फट्. मला आमच्या गावच्या थोरल्या जाऊबाईंची जांभई आठवली. असो.

३ मार्च, बुध.
मनूने घरातच प्राणीबाग काढली. सूनबाई शाळेत शिकवायला, दुपारी आम्ही दोघीच. चार वाजले की ससा, अस्वल, उंट सोफ्यावर ओळीने. लाटण्याचा माईक. "यल्ला, चलो, पीछे हटो. हा उंट. हा पाणी नाही पिता खूप दिवस." शेवटचं जनावर मी. मला पोहे भरवते नि पाठ थोपटते. पाच वर्षांची पोर, दृष्ट काढायला हवी.

७ मार्च, रवि.
लेकीचा, सुनंदाचा फोन. तिला आठवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच, वीस तारखेला मी गावी पोचले की ती येणार. तिची सासू अंथरुणावर, तिकडे करणार कोण? डिंक, हळीव आणायला सांगितलंय शेजारी. "आई, बरी आहेस ना गं?" "मला काय धाड भरलीय? रोज जनावरं बघते. इथं काही कमी नाही." संजू बाजूलाच होता.

९ मार्च, मंगळ.
संजू हसत हसत आला. "आई, तुझा व्हिसा वाढवायला टाकला. तीन महिने. तुला करमतंय ना इथं!" पासपोर्ट त्याच्या ऑफिसातल्या, असली कामं करणाऱ्या माणसाकडे दिलाय. तिकीटही पुढे ढकललं.
मी म्हटलं, "बरं."
का म्हटलं? सूनबाई समोर उभी. मनूला बघणारी बाई जानेवारीत सोडून गेली, तेव्हापासून तिचीही ओढाताण. लोकांच्या घरी 'जाते' म्हणता येतं. मुलाच्या घरी म्हणायला गेलं की…
आज चारला मी जनावर झाले नाही. मनू रुसली.

१० मार्च, बुध.
खिडकीतून समोरची भिंत. पिवळी. आज बघायला दुसरं काही नाही. सुनंदाचा फोन आला तर काय सांगू? आला नाही, बरं झालं.

११ मार्च, गुरु.
संजूला सुट्टी, इथं गुरु-शुक्र असते. मनूने त्याला नि सूनबाईला खाली सतरंजीवर बसवलं. ससा झाला, उंट झाला, मग लाटणं माझ्याकडे रोखून म्हणाली,
"ये आजी है. ही भात खाते. दुपारी ओट्याजवळ रडते. बाहेर नाही जात, क्यूंकि पासपोर्ट बाबाकडे आहे. हाथ मत लगाना."
सूनबाई उठून आत गेली. संजू म्हणाला, "आई, रडतेस?"
"पोर काहीही बोलतं," म्हटलं. पुन्हा तेच. जिभेला लाजच नाही माझ्या.
मग भांडी घासता घासता पाठमोरीच म्हटलं, "संजू, मला वीसला जायचं होतं रे." नळ चालू होता. ऐकलंन. नळ त्यानेच बंद केला.

१२ मार्च, शुक्र.
सकाळपासून नवरा-बायकोचं दाराआड चाललंय. "मग मनूचं काय?" एवढंच कानावर आलं. तिचंही खोटं नाही. संजू म्हणाला, उद्या ऑफिसात विचारतो, पण कागद आत गेला असेल तर माहीत नाही.
मनूने माझ्या वेण्या घातल्या. दोन. लाल रिबिनी. आरशात बघून दोघी पोट धरून हसलो.
दुपारी सुनंदाचा फोन. "आई, वीसला नक्की ना? पाय सुजलेत माझे." आज 'येते' म्हटलं नाही, 'काही कमी नाही'ही म्हटलं नाही. संजू पेपर वाचत होता, त्याच्या हातात फोन दिला. म्हटलं, "तूच सांग तिला."
फोन कानाला लावून उभा आहे.