सतरा नंबरचा सूड

४ फेब्रुवारी १९६३, नांदुरा
आजपासून सूड. साडू नारायणराव, बुलढाणेकर. गेल्या वर्षी देऊळघाटच्या लग्नात त्यांनी माझं आठ पानी पत्र भर पंगतीत वाचून दाखवलं. शेवटी म्हणे, आठ पानांत मुद्दा एकच हाय, गाडी चुकली! लोकांच्या नाकातून कढी आली. तेव्हापासून जाणंयेणं, बोलणं बंद. सौ.चंही, सख्ख्या बहिणीशी. कधी कधी एकटीच डोळे पुसते. धूर असेल.
संकल्प: यापुढे माझ्याइतकं थोडक्यात जगात कोणी बोलणार नाही. ही नोंद लांबली. शेवटचीच.

९ फेब्रुवारी
तारमास्तर निवृत्तीरावांकडून कट्ट-कडकट्ट समजून घेतलं. इंग्रजीत ‘ई’ सगळ्यात जास्त लागतो, म्हणून त्याला एकच टिंब. ‘क्यू’ क्वचित लागतो, त्याला चार खुणा. बस्स! हे मला आधीच सुचलं होतं. दोन्हीकडे खुणांची वही एकच पाहिजे बरं, असं ते सारखं बजावत होते. मी काय दूधखुळा आहे?

१४ फेब्रुवारी
वही तयार. नातेवाइकांसाठी सतरा वाक्यं, सतरा नंबर. तारेत नुसता नंबर टाकायचा. माझ्या पत्रांत सगळ्यात जास्त येणारं वाक्य नं. १. प्रामाणिकपणे मोजलं. ‘गाडी चुकली’ निघालं. योगायोग.
सौ. अडून बसली, एक माफीचं बी टाका म्हणे, घरात लागते. कधीच लागणार नाही म्हणून शेवटी टाकलं. नं. १७: ‘माझं चुकलं. राग सोडा. सहकुटुंब या.’ तिला अक्षर येत नाही, आकडे येतात. सतरा दोनदा विचारून घेतला. नसत्या चौकशा.

२० फेब्रुवारी
बारा घरी बारा नकला रवाना. साडूलाही. जळू दे.

३ मार्च
पहिला प्रयोग. मोताळ्याला रामरावकाकांना तार: ‘३’. म्हणजे ‘सगळे खुशाल’. 

४ मार्च
काका-काकू रडत दारात. तार आली म्हणजे माणूस गेला, एवढंच त्यांना ठाऊक. वही उघडलीच नाही. मला जिवंत पाहून काका म्हणे, मंग तार काऊन केली बे? दोष पद्धतीत नाही, काकांत आहे. चार दिवस राहतो म्हणाले.

१८ मार्च
नव्या खोलीची घरभरणी ५ एप्रिलला. साडूला बोलावणं? हट्! पण नुसतं न बोलावणं हा काय सूड झाला? झोंबलं पाहिजे. वहीची सुधारित आवृत्ती काढली. सतरावरची माफी खोडली. तिथे टाकलं: ‘संबंध संपला. घरभरणीला पाय ठेवू नये.’ आठ पानांचा अपमान एका आकड्यात परत!
साडूची नक्कल पाकिटात घालून सौ.कडे दिली, बाजाराला जाताना पेटीत टाक म्हटलं. यात काय हाय म्हणे. सतरा बदलला, म्हटलं. हाव म्हणाली.

१ एप्रिल
तार ठोकली. ‘१७. किसन.’ निवृत्तीराव म्हणे, एवढंच? म्हटलं, एवढंच. वर्षात पहिल्यांदा दुपारी घोरलो.

५ एप्रिल
साडू आले. सहकुटुंब. पाच पोरं. घरभरणीची तारीख काकांकडून कळली म्हणे.
भर पंगतीत उभे राहून तार फडकावली. म्हणे, पाहा हो मंडळी, किसनरावनं एका आकड्यात माफी मागितली! मग गळ्यात पडून रडायलाच लागले. चूक माहीच होती, म्हणे, ते पत्र मी वाचाले नव्हतं पाहिजे, पण मोठेपणा तुम्ही केला. मी खरं काय ते ओरडून सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात चुलीपाशी लक्ष गेलं. सौ. आणि तिची बहीण पुष्पाबाई एकमेकींचे हात धरून वर्षभराचं एकदम बोलत होत्या, दोघींचं कोणीच ऐकत नव्हतं.
तोंड मिटलं. कढी वाढली. साडूंना दोनदा.

६ एप्रिल
साडू अजून इथेच.
लोणच्याच्या बरणीखाली पाकीट सापडलं. चिकटवलेलं, तसंच. सौ.पुढे धरलं. हे पेटीत काऊन नाही पडलं, विचारलं. भाकरी थापत होती. मान वर न करता पिठाचं एक बोट दाखवलं.
नं. १.
‘गाडी चुकली.’
हिच्याइतकं थोडक्यात मला अजून जमलेलं नाही.