मावशीचे शून्य तास

१२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुम्हा दोघींचे फॉर्म पोचले. जगभरात माणसं एकमेकांसाठी बिनमोबदला किती राबतात, ते मोजायचं आमच्या कचेरीने मनावर घेतलंय. त्याचीच ही चाचणी. 'चार आठवड्यांत इतरांना केलेली मदत' या रकान्यात तू शून्य लिहिलंस. कमाल आहे! आणि आईच्या फॉर्मवर अक्षर तुझं कसं? 'भरणाऱ्याचं नातं' इथे 'बहीण' लिहून मोकळी झालीस. दोन ओळी लिहायला तिचे हात झिजणार होते का?

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी,
मोजणीबाई

२० मार्च

चि. मोजणीबाईस,
अनेक आशीर्वाद.

अक्षराने घात केला. आता लपवत नाही. चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन तुझ्या आईचा उजवा हात गेला. बोलते ठणठणीत, भांडते त्याहून. पण आंघोळ, वेणी, बटणं, भाजी चिरणं जमत नाही. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास मी असते. तुझी बढती होईपर्यंत कळवायचं नाही, असं तिने मला शपथ घालून सांगितलं होतं.

शून्य मात्र चुकून नाही. 'नातेवाइकांसाठी केलेलं धरू नये' असं तुम्हीच छापलंय.

जिवाला घोर लावून घेऊ नकोस.
तुझी,
मावशी

२७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी तुमचा राग आला, मग माझाच. 'हात झिजणार होते का' असं लिहून बसले होते.

आता कामाचं. आमच्या लेखी नातं म्हणजे रक्ताचं किंवा लग्नाचं. तू आईची शेजारीण. म्हणजे तुझे चौऱ्याऐंशी तास धरायलाच हवेत, नाहीतर तू काहीच केलं नाहीस असं कागद म्हणेल, आणि ते मला सहन होणार नाही. दुरुस्तीचा कागद सोबत आहे. 'बहीण' खोडून 'शेजारीण' लिही आणि सही कर.

रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.
तुझी,
मोजणीबाई

४ एप्रिल

चि. मोजणीबाईस,
अनेक आशीर्वाद.

पेन घेऊन बसले होते. तुझ्या आईने डाव्या हाताने ते हिसकावलं. म्हणाली, तीस वर्षं जिच्याशी भांडले ती नुसती शेजारीण कशी? शिवाय तसं लिहिलं तर तुझ्या पत्राच्या डोक्यावरचं 'मावशी'सुद्धा खोडायला हवं. ते तू खोड, माझ्याने होणार नाही.

कागद परत पाठवतेय. खालची वेडीवाकडी अक्षरं तिची आहेत. एक शब्द लिहायला दहा मिनिटं लागली. 'बहीण' असं वाचायचं.

तब्येत सांभाळ.
तुझी,
मावशी

११ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

शून्य तसंच ठेवून फॉर्म पुढे पाठवला. आईचा कागद मात्र दिला नाही, तो माझ्याकडेच आहे.

महिन्याची रजा घेतलीय. रविवारी पोचते. सोमवारपासून सकाळचे दोन तास माझे, तू निवांत झोप. फक्त पहिल्या सकाळी लवकर ये आणि वेणी कशी घालतेस ते दाखव. माझ्या हातची तिला कधीच आवडली नाही.

लोभ आहे तो वाढव.
तुझी,
सख्खी भाची