विसाव्या सेकंदाची ओळ

सोम. ९ जून
पूर्वानं आज मीटिंगमध्ये जाहीर केलं, आपल्या अँब्युलन्स सिस्टीमची जावा लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, बदलायची. नवं व्हर्जन आलं. फुकटची वस्तू, जगभरचे लोक दुरुस्त करतात, आपण उतरवून घ्यायची. "छोटा सा अपडेट है, भैया." भैया म्हणते मले. चव्वेचाळीसचा आहे मी, अन् ही पोट्टी सहा महिन्यांपूर्वी आली ते थेट माझ्या डोक्यावर. तिचं सदर बाजारचं जुनं मराठी घर, मराठी समजते सगळी, पण उत्तर हिंदीतच. म्हटलं, चालत्या गाडीले खीळ काहून घालता? साहेब हसले. डोकं फिरलं माझं.

मंगळ. १०
नव्या व्हर्जनची यादी वाचली. सहावी दुरुस्ती: फोनचा संपर्क तुटला तर सर्व्हरले कळत नव्हतं, आता कळते. खाली कोण्या परदेशी माणसाचं नाव.
हेच मी चार वर्षांपूर्वी केलं. ड्रायव्हर जंगलात, रेंज नाही, की कॉल तिथंच लटकायचा. मी लायब्ररीच्या फाइलीतच एक ओळ घुसवली. वीस सेकंदांत उत्तर नाही, तर कॉल पुढच्या गाडीले. फाइलचं नाव तेच ठेवलं, व्हर्जनही तेच. इथं कोणाले सांगतलं नाही. लायब्ररी बनवणाऱ्या लोकांले ती ओळ पाठवायची होती, आळस केला.
सुनंदाले सांगतलं. म्हणते, "पाठवलंच नाही तर तुमचं नाव कसं येईन?" बायको आहे का वकील.

गुरु. १२
घरचा पोळ्यांचा स्टीलचा डबा ऑफिसात नेला. फोन आत, वर झाकण, रेंज अर्धी. टेस्टच्या मशीनवर जुनं लावलं: विसाव्या सेकंदाले कॉल पुढं गेला. नवं लावलं: लटकला. सहा मिनिटं पाह्यलं, लटकलेलाच. म्हणजे पूर्ण तुटलेला संपर्क नव्याले कळते, अर्धवट रेंजवाला नाही.
आनंद झाला. खोटं काहून लिहू. आता पडते पूर्वा तोंडावर.

शुक्र. १३
साहेबांसमोर डबा दाखवला. कॉल लटकला. पूर्वानं डबा उघडून फोन पाह्यला. मग म्हणते, "पुराने में भी तो यही लाइब्रेरी है. वो कैसे चल रहा है?"
हुशार आहे मेली. म्हटलं, चालते बा. "ऐसे कैसे चलता है, भैया?" मी डब्याचं झाकण लावलं.
साहेब म्हणाले, तुम्ही तर हिच्या प्रत्येक कामात खोडा घालता, डब्यात फोन कोण ठेवते? तिनं शेवट केला: "फर्क क्या है, लिखकर दीजिए, मैं रोक दूँगी. नहीं तो सोमवार ग्यारह बजे नया चालू."
लिहून देऊ म्हणजे? मागच्या वर्षी एकानं न विचारता पासवर्ड बदलला, तर घरी बसवला. मी तर चार वर्षं अख्खी फाइलच...
नव्यातही ती ओळ गुपचूप घातली असती. पण सर्व्हरची चावी आता तिच्याकडे.

रवि. १५
आमच्या चौबे कॉलोनीत दिवसभर लाइट नाही, डोक्यात हेच. सुनंदा म्हणाली, "सांगून टाका. जंगलाकडची कोणी बाई अडली अन् गाडीच नाही आली तर?" म्हटलं, त्या पोट्टीले एकदा अद्दल घडली पाहिजे. "अद्दल तिले, अन् भोगन कोण?" म्हणून उठून गेली.

सोम. १६, ऑफिस
कागद लिहिला. "चार वर्षांपूर्वी मी परवानगीशिवाय..." पुढं सगळं खरं आहे. सही केली नाही. पोरीचं बारावीचं वर्ष, घराचा हप्ता, अन् या वयात मले कोण ठेवते कामावर.
पूर्वा आत्ता टेबलापाशी आली होती. अकरा वाजले. मराठीत बोलली, अडखळत. "तुम्हाला काही सांगायचं आहे का?"
अजूनही वाटते, पडू दे तिले तोंडावर. इतका नालायक आहे मी. पण तिकडं कोणी बाळंतीण बाजेवर पडून गाडीची वाट पाहत असन, तिनं माझं काय वाकडं केलं?
म्हटलं, पाच मिनिटं थांब. ती "हव" म्हणाली, थांबली. त्यातली दोन हे लिहिण्यात गेली. उरली तीन, सहीले पुरतात.